पायाखालचा पत्रा

गाडीच्या डाव्या दाराखालच्या पट्टीला बापूजींनी चुंबक लावलं आणि ते खाली पडलं.

त्यांनी ते उचललं, पायजम्याला पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. चार बोटं पुढे सरकवून लावलं तेव्हा टक् करून चिकटलं. मागच्या चाकाजवळही चिकटलं. मधल्या हातभर जागेत मात्र चिकटत नव्हतं. म्हणजे तिथे पत्रा नव्हता. पुट्टी होती आणि वरून पांढरा रंग होता.

चुंबक त्यांच्या बायकोचं, विमलताईंचं होतं. शिलाई मशीनच्या खणात राहायचं. सुई खाली पडली की त्या ते जमिनीवरून फिरवायच्या. त्या गेल्यापासून मशीन झाकलेलंच होतं. आज बापूजींनी खण उघडला तो एवढ्यासाठीच.

"सहा वर्षं मातीवर दार लावून राह्यलो मी," बापूजी म्हणाले.

"कोणी सांगतलं?" पियुष सोयाबीनची पोती झटकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"चुंबकानं सांगतलं. हे खोटं नाही बोलत. मोहिउद्दीन मिस्त्रीचं काम आहे हे. मी आर्णीले लग्नाले गेलतो, घरी बाई एकटी पाह्यली अन् फासली पुट्टी."

"बाबा, गाडीच सडली आहे. पंधरा वर्षं पूर्ण होऊन राह्यले. तो भंगारवाला परवा येतो म्हणे. देऊन टाकू."

"त्याले म्हणावं, दाराबाहेरच उभा राह्य."

नव्या नोंदणीसाठी यवतमाळला गाडी दाखवायची तारीख अठरा दिवसांवर आली होती. तळाला भोक असलेली गाडी तिथे पास होत नाही हे दोघांनाही माहीत होतं. आणि भोक साधं नव्हतं. डाव्या बाजूला, पुढच्या सीटसमोर, माणसाचे पाय जिथे येतात तिथला पत्रा जेवणाच्या ताटाएवढा गेला होता. चटई उचलली की खालची माती दिसायची.

ते भोक बापूजींना कळलं ते पौषात. विमलताईंना दवाखान्यात नेताना दारव्ह्याच्या रस्त्यावर त्या दोनदा म्हणाल्या होत्या, "पायाले गार वारा लागून राह्यला हो." बापूजींना वाटलं, तापानं लागत असेल. शाल पायावर टाक म्हणाले आणि गाडी हाकत राहिले. दवाखान्यात तीन दिवस सांगत होते, सुधारणा आहे. चौथ्या दिवशी सकाळी सांगितलं, घेऊन जा. तेरवी झाल्यावर बापूजींनी गाडी धुवायला काढली, चटई उचलली, आणि कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. वारा खराच येत होता.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मात्र कोणी काही सांगितलं की ते आधी म्हणायचे, दाखव. दूधवाल्याचं माप ते स्वतः मोजून घेत. सोयाबीनचा काटा होताना तराजूच्या जिभेवर नजर ठेवून बसत. सून निकिता भाजीत मीठ घातलं म्हणाली तरी आधी चाखून पाहत. निकिता हसायची. पियुष हसत नव्हता.

"कोण करणार हा पत्रा?" पियुषनं विचारलं.

"मी."

"तुम्हाले वेल्डिंग येते?"

"येत नाही म्हणूनच मशीन आणतो. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही ही गाडी."

*

सदाशिवराव म्हणजे बापूजींच्या साळ्याचे व्याही. दारव्ह्याला त्यांचं शेती अवजारांचं दुकान होतं. आपला माणूस म्हणून बापूजी सरळ तिथे गेले.

सदाशिवरावांनी बटाट्याच्या पोत्याएवढं मशीन पुढे ओढलं. वखराच्या पासेचे, म्हणजे जाड पात्याचे, दोन तुकडे घेतले, वेल्डिंगची कांडी लावली आणि दोन मिनिटांत जोडून फरशीवर आपटून दाखवले. जोड हलला नाही. घण मारला. हलला नाही.

"बापूजी, बैल तुटेल पण हे तुटणार नाही. दोनशे अँपियर. याच्यावर नांगर जोडा, ट्रॉली जोडा, काय जोडायचं ते जोडा."

"गाडीचा पत्रा?"

"लोखंड ते लोखंड."

बापूजींनी जोड हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला. बोट फिरवलं. डोळ्यांनी पाहिलं होतं, हातानं पाहिलं होतं. मशीन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात बाया सोयाबीन सोंगायला गेल्या आणि बापूजी मांडवात गाडीखाली शिरले. सीट काढली, बॅटरीची तार सोडली. निकिताला पाण्याची बादली घेऊन उभं केलं. भोकावर बसेल असा पत्रा त्यांनी जुन्या धान्याच्या कोठीतून कापला होता. काळी काच डोळ्यांसमोर धरली आणि कांडी टेकवली.

कांडी चिकटली. ओढली तर पत्र्यासकट वर आली. दुसऱ्यांदा टेकवली तेव्हा ठिणग्यांचा फवारा उडाला, बाहीला भोक पडलं आणि पत्र्यालाही. विजेचा दाब कमी होता तेव्हा कांडी पेटत नव्हती आणि पेटली की पत्रा वितळून खाली टपकत होता. ताटाएवढ्या भोकाची दुपारपर्यंत परात झाली. कोठीचा पत्रा जळाला तिथून पांढरा धूर निघत होता. बापूजी खोकत बाहेर आले.

रस्त्यावरून रुखमाबाई डोक्यावर भारा घेऊन चालल्या होत्या. थांबल्या.

"काय हो बापूजी, गॅरेज टाकता का आता?"

"टाकतो. तुमचा विळा आणा, त्याले बी जोडून देतो."

"नको जी. माहा विळा चांगला आहे, त्याले भोक नका पाडू."

निकितानं तोंडाला पदर लावला. बापूजींनी काळी काच बादलीत टाकली आणि हात धुतले. हाताची आग होत होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं.

*

मोहिउद्दीन मिस्त्री संध्याकाळच्या आधी स्कूटरवर आले. पियुषनं बोलावलं होतं, बापूजींना न विचारता. मिस्त्री साठीचे, सडपातळ, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. महिन्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दारव्ह्याच्या बसस्टँडमागे त्यांचं दुकान. पोचे काढणं आणि रंग देणं एवढंच काम ते चाळीस वर्षं करत होते.

ते गाडीजवळ गेले, गुडघ्यावर बसले आणि तळाला आतून हात लावला. मग कांडीचं मशीन पाहिलं.

"हे कोणी दिलं?"

"आपल्या माणसानं."

"माणूस चांगला असन. मशीन या कामाचं नाही बापूजी. वखराची पास बोटाएवढी जाड असते. हा पत्रा तुमच्या नखाएवढा. मुंगी माराले घण घेतला तुम्ही." त्यांनी कोठीचा जळका तुकडा उचलून नाकाला लावला. "अन् हा पत्रा फेका. जस्ताचा आहे. याचा धूर छातीत गेला तर आज थंडी वाजून ताप येईन."

"म्हणजे पत्रा बी तुमच्याकडूनच घ्यावा लागन."

मिस्त्रींनी एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "जुन्या बॉनेटचा पडला आहे माह्याकडे. घेऊन जा, नाहीतर भंगारातून आणा. रंग खरवडला की झालं."

"अन् काम तुम्ही करणार."

"नाही जी. डॉक्टरनं जाळापुढं जाऊ नको सांगतलं. तुम्हीच करा. मी मशीन पाहून देतो, हात कसा धरायचा ते सांगतो."

बापूजींना हे जास्तच खटकलं. जो माणूस काम मागायला येतो त्याचं कळतं. जो काम न मागता मदत करतो म्हणतो त्याचं काय? त्यांनी खिशातून चुंबक काढलं आणि मिस्त्रींसमोर दाराखालच्या पट्टीला लावलं. ते पडलं. मिस्त्रींनी ते मातीतून उचलून त्यांच्या हातात दिलं.

"ती पट्टी राहू द्या बापूजी. ती पास होते. तळ तेवढा करा."

"काहून राहू द्या?"

"वेळ कमी आहे म्हणून."

"वेळ कमी आहे का पोल उघडी पडन?"

पियुष म्हणाला, "बाबा!" मिस्त्री उठले, गुडघे झटकले. "परवा मशीन पाहाले यवतमाळले येता का? सकाळच्या बसनं," एवढं विचारून निघून गेले. चहा त्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी बापूजींना खरोखरच थंडी वाजून आली. दोन चादरी घेऊन ते पडून राहिले. जस्ताचं मिस्त्री खरं बोलला होता. पण खरं बोलणारा माणूस कुठेतरी खोटं लपवायलाच खरं बोलतो, असंही त्यांच्या मनात आलं. तरी यवतमाळला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं त्यांनी ठरवलं.

*

यवतमाळला मिस्त्रींनी नेलं ते अय्याजचं वेल्डिंग मशीनचं दुकान मोठं होतं. मशीनं रांगेत मांडलेली. अय्याज मिस्त्रींना चाचा म्हणाला तेव्हाच बापूजींनी ओळखलं की इथे आधीचं जमलेलं आहे.

"सीओटूवालं दाखव, गॅसचं," मिस्त्री म्हणाले.

अय्याजनं मोठ्या लाल मशीनवर हात ठेवला. "हे घ्या बापूजी. अडीचशे अँपियर. दिवसभर चालवा, गरम होत नाही. गॅरेजवाले हेच नेतात."

"वर किती जाते ते ठेव बाजूले," मिस्त्री म्हणाले. "खाली किती उतरते ते सांग."

"खाली म्हणजे, पन्नास."

"दुसरं."

मिस्त्रींनी खांद्यावरची पिशवी उघडली. आत जुन्या मडगार्डचे कापलेले तुकडे होते, गंजलेले, एका बाजूनं खरवडलेले. "नव्या पत्र्यावर कोणीही करून दाखवते. याच्यावर कर."

अय्याज हसला आणि मोठं मशीन लावलं. पहिल्याच ठिणगीला तुकड्याला आरपार भोक पडलं. बापूजींनी ते बोट घालून पाहिलं. मग अय्याजनं कोपऱ्यातलं छोटं निळं मशीन ओढलं. दप्तराएवढं. आत बारीक तारेची गुंडाळी, बाजूला गॅसच्या नळकांड्याची नळी. तीसच्या आकड्याखाली उतरत होतं. बंदुकीच्या घोड्यासारखी कळ दाबली की तार आपोआप पुढे येत होती. अय्याजनं दोन तुकडे टोकाला टोक ठेवून एक ठिपका मारला, थांबला, दुसरीकडे एक मारला, थांबला. पत्रा वाकला नाही. भोक पडलं नाही.

"कांडीत एक हात जाळ सांभाळते, एक काच सांभाळते, अन् कांडी जळत जळत छोटी होते तेही पाहा लागते," मिस्त्री बापूजींना म्हणाले. "नव्या माणसाले एवढं नाही जमत. याच्यात तार मशीनच देते. तुम्ही फक्त जागा पाहायची. अन् खेड्यात लाईट कमी-जास्त होते, हे त्यातही चालते. गॅसशिवाय चालणारी तार बी येते, पण तिची घाण उडते, पत्रा बारीक असला की जाळते जास्त. गॅसवालीच घ्या."

बापूजींनी जोडलेला तुकडा शिकंज्यात धरला आणि पक्कडीनं मागेपुढे वाकवत राहिले. सहाव्या वेळी तो मोडला, पण जोडाच्या शेजारी मोडला. जोड तसाच होता. तरी त्यांनी विचारलं, "दुसऱ्या दुकानात हेच पाहायचं का?"

"पाहा ना," मिस्त्री म्हणाले. "मी बसतो इथं."

बापूजी तीन दुकानं फिरले, दोन तास उन्हात. प्रत्येक ठिकाणी वर किती जाते तेच सांगत होते. खाली किती उतरते विचारलं की दुकानदार मशीनच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायला वाकायचे. परत आले तेव्हा मिस्त्री आणि अय्याज हळू आवाजात काहीतरी बोलत होते. बापूजी दारात दिसताच दोघं गप्प झाले.

बिलात मशीन होतं, गॅसचं नळकांडं होतं, तारेची गुंडाळी होती. आणि ठिणगी पडली की आपोआप काळी होणारी काच लावलेला डोक्याचा टोप होता. त्याच्यापुढे आकडा नव्हता.

"हा फुकट काहून?"

"स्कीम आहे," अय्याज म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बसमध्ये टोप मांडीवर घेऊन बापूजी दारव्ह्यापर्यंत विचार करत राहिले. फुकट देतो तो कुठूनतरी काढतो. मिस्त्री शेजारी खिडकीला डोकं टेकवून झोपले होते. झोपेत त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. पट्टीखालून डोळा पाझरत होता.

*

चार दिवस मिस्त्रींनी त्यांना गाडीला हात लावू दिला नाही. भंगाराच्या पत्र्यांवरच ठिपके मारायला लावले. बापूजी ओळीनं मारत जायचे, कारण शेतकरी माणूस नांगराचं तास सोडून मधेच दुसरीकडे जात नाही. पत्रा पापडासारखा फुगायचा.

"सलग नाही," मिस्त्री ओरडायचे. "एक टाका इथं, एक तिकडे पार टोकाले. मग बोट लावून पाहा. चटका बसला तर थांबा. पत्रा थंड झाला की मधला. शिवताना आधी दूर दूर कच्चे टाके घालतात का नाही?"

बापूजींनी टोप वर केला. त्यांनी ते चाळीस वर्षं पाहिलं होतं. कापडाला चार टाचण्या, मग दूर दूर टाके, मग मशीन. त्यांना ते आता आठवलं.

सोयाबीन वाळत पडलं होतं आणि पश्चिमेला ढग जमत होते. पियुष मळणीयंत्र गाठायला दोन दिवस गावोगाव फिरत होता. परत आला की मांडवातला निळा उजेड पाहून त्याचं डोकं फिरायचं.

"घरात शेंगा सडतील अन् तुम्ही खेळत बसा," तो एकदा म्हणाला.

"सकाळी सात ते अकरा शेतात असतो मी. पोती कोणी शिवली?"

"शिवली. पण जीव इकडे आहे तुमचा."

हे खरं होतं. मळणी झाली त्या दिवशी त्यांनी सकाळपासून मळणीतून पडणारं भुशाचं कुटार ओढलं, अंगभर काटे टोचले, आणि दुपारी तसेच गाडीखाली शिरले.

तळ सहाव्या दिवशी झाला. जळका, पातळ झालेला भाग कापून टाकला, बॉनेटचा पत्रा कागदाच्या मापानं कापून बसवला, दूर दूर टाके, मग मधले. गंज न चढणारा लाल रंग दोन हात. बापूजी गाडीत बसले, डाव्या सीटच्या जागी, पाटावर. दोन्ही पाय नव्या पत्र्यावर ठेवले आणि जोर दिला. पत्रा हलला नाही. निकिता चहा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसले होते.

"मामाजी, कुठं चालले?"

"कुठं नाही. वारा येते का पाहून राह्यलो."

"येते?"

"नाही."

*

तारखेला पाच दिवस उरले होते. मिस्त्री त्या दिवशी यायचे नव्हते. बापूजींनी छिन्नी घेतली आणि दाराखालच्या पट्टीवर ठोकली.

पुट्टी ढलप्यांनी पडली. आत मोठा पोचा होता, खोल आणि आडवा, आणि त्याच्या मधोमध पत्रा चिरलेला. ही गंजानं गेलेली जागा नव्हती. हे कशावर तरी आदळलेलं होतं. बापूजी थबकले. चिरेतून कापडाचं टोक दिसत होतं. पुट्टी आत पडू नये म्हणून मागे कापड कोंबतात. त्यांनी पक्कडीनं ओढलं. पुट्टी लागून कडक झालेली वीतभर पट्टी बाहेर आली.

त्यांनी ती पाण्यात भिजवली, चोळली. मोरपंखी रंग. काठावर पिवळी बारीक चौकट.

विमलताईंचं लुगडं होतं ते. धुण्याला जायच्या तेव्हा नेसायच्या. एके दिवशी ते दिसेनासं झालं. विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, फाटलं.

बापूजी मांडवात खाली बसले. मिस्त्रीनं घरी एकट्या बाईला फसवलं, एवढंच आतापर्यंत त्यांनी धरलं होतं. आता तेवढं पुरत नव्हतं. तिचं लुगडं याच्या कामात कसं? तिनं दिलं असेल तर तिला आतलं ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं तर ती आपल्याशी खोटं बोलली, पट्टीचा रंग उडाला होता म्हणून मिस्त्रीला बोलावलं म्हणाली. दवाखान्यातले खोटं बोलले ते बोलले. हीसुद्धा?

ते तसेच उठले आणि मोटरसायकल काढून दारव्ह्याला गेले. मिस्त्री दुकानात एका दाराला कागद चिकटवत होते. बापूजींनी ओली पट्टी त्यांच्यासमोर दारावर टाकली.

"हे काय आहे?"

मिस्त्रींनी पट्टी पाहिली. हातातला कागद खाली ठेवला.

"सांगतलं होतं, पट्टी नका उकरू."

"काहून नका उकरू तेच विचारून राह्यलो. पोल तुमची का तिची?"

"माहीच समजा अन् घरी जा."

"मोहिउद्दीनभाई." बापूजींनी पट्टी पुन्हा उचलली. "नऊ महिने झाले, मले कोणाचं काही खरं वाटत नाही. आता तिचं बी वाटत नाही. हे घेऊन मी कसा घरी जाऊ?"

मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं. बापूजी बसले नाहीत. मिस्त्री स्वतःच बसले.

"त्यांनी वचन घेतलं होतं. पण त्यांच्यावरच बट्टा लागत असन तर वचन ठेवून काय करू. तुम्ही आर्णीले गेलते. ताई गाडी शिकत होत्या."

"कोण?"

"विमलताई. तुम्ही गावाले गेले की काढत. मांडवातून निघायचं, खळ्यापर्यंत जायचं, परत यायचं. त्या दिवशी वळवताना बैलाच्या पाण्याच्या डोणीवर घातली. फोन केला मले. मोहिउद्दीनभाऊ, उद्या हे येतात, आजच करून द्या. मी म्हणलं ताई, पोचा काढाले तीन दिवस लागतात. म्हणे पुट्टी भरा, मी आहे जबाबदार. मागं कोंबाले काही नव्हतं माह्यापाशी. त्यांनी घरातून लुगडं आणलं अन् स्वतः फाडून दिलं."

बापूजी आता बसले.

"तिले कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. इतकी वर्षं शेजारी बसून तुमचे पाय पाहत होत्या. मले म्हणे, यांचा डावा पाय कधी उचलते ते मी डोळे मिटून सांगन. त्या वर्षी तुमच्या छातीत दुखलं होतं का? त्याच्यानंतर सुरू केलं त्यांनी. म्हणे, यांना काही झालं तर मी काय रस्त्यावर उभी राहून जीप थांबवू?"

दुकानाबाहेरून बस गेली. मिस्त्री थांबले, आवाज जाईपर्यंत.

"अन् एक सांगतो. ठोकल्यावर घाबरून तिथं सोडून नाही दिली गाडी. खाली उतरून पाह्यलं, परत बसल्या, अन् मांडवात नेऊन लावली. तुम्ही लावता तशी, सरळ. मी आलो तेव्हा पाह्यली मी."

बापूजींनी पट्टीची घडी केली. "तो टोप," ते म्हणाले. "फुकट कसा?"

"अय्याज मले कमिशन देत होता. मी म्हणलं, त्याच्याऐवजी काच दे. तुमचे डोळे लाल झालते."

घरी येऊन बापूजी आधी डोणीपाशी गेले. दगडी डोण, तीन बाजूंनी शेवाळलेली. कोणी सांगितलं म्हणून झालं, असं त्यांच्यानं आताही होत नव्हतं. त्यांनी विळ्यानं शेवाळ खरवडलं. खळ्याकडच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या खाली, दगडात पांढरा रंग घासलेला होता. वीतभर. त्यांनी अंगठा त्याच्यावर ठेवला. बैल पाणी प्यायला आला, त्यांच्या खांद्याला नाक लावून उभा राहिला. पाण्यावरून बाजूला सरा, म्हणून.

*

दोन दिवसांनी मिस्त्री हातोडा आणि आतून धरायचा लोखंडी ठोकळा घेऊन आले. "आता उकरलंच आहे तर नीट करू. ठोकून पोचा बाहेर काढतो, चिरीले तुम्ही टाके मारा."

बापूजींनी चिरेच्या कडा घासून चकचकीत केल्या होत्या. त्यांनी टोप डोक्यावर ओढला आणि एक टाका एका टोकाला, एक दुसऱ्या टोकाला, मग थांबून, बोट लावून, मधला, अशी ती चीर पोचा तसाच ठेवून बंद केली.

"आधी ठोकायचं होतं ना," मिस्त्री म्हणाले. "आता पोचा तसाच राह्यला."

"राहू द्या."

मिस्त्रींनी हातोडा पिशवीत ठेवला. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.

तारखेला बापूजी गाडी घेऊन यवतमाळला गेले. पियुष मागे बसला, मिस्त्री डाव्या सीटवर. रांगेत अकरा गाड्या पुढे होत्या. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक दाबायला लावले, मग बॅटरी घेऊन खाली वाकले आणि तळाला हातोडीनं तीन ठिकाणी ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला.

"कोणी केलं?"

"मी," बापूजी म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. संशयानं. बापूजींना ते आवडलं. साहेब उठले, गाडीला चक्कर मारली आणि डाव्या दाराशी थांबले. पट्टीवर नवा पांढरा रंग होता आणि त्यात खोल आडवा पोचा.

"बाकी एवढं चांगलं केलं. हा काहून ठेवला?"

मिस्त्री दुसरीकडे पाहू लागले.

"आमच्या घरच्या, त्या गाडी शिकत होत्या," बापूजी म्हणाले.

"मग?" साहेब कागदावर लिहीत होते. "शिकल्या का?"

पियुष पुढे आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. बापूजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"हाव," ते म्हणाले. "घरी आणून सरळ लावली होती त्यांनी."